चिखलदऱ्याच्या शिबिरासाठी एक माणूस

अमरावती,
दि. ११ जानेवारी १९६४

प्रिय धर्मपाल यास,
सप्रेम जयभीम.

इंदू गेल्यापासून आपण दोघांनी एकमेकांस एक ओळही लिहिलेली नाही. तुझा राग मला मान्य आहे. तरीही आज प्रथम कामाचे लिहितो, कारण कामाचे लिहिताना माझा हात स्थिर राहतो. येत्या चोवीस तारखेस आमच्या महाविद्यालयाचे अकरा विद्यार्थी घेऊन मी चिखलदऱ्यास जाणार आहे. तीन रात्री तंबूत मुक्काम, दिवसा धोंड्यांवर चढण्याचा सराव, आणि सोमवारी परत. त्या अकरांपैकी एकही आजवर कडुनिंबाच्या झाडाखेरीज कशावर चढलेला नाही. मला तू सोबत हवा आहेस. वीस तारखेपर्यंत तुझा होकार न आल्यास मी शिबीर रद्द करीन.

नागपूरला शिकत असताना रविवारी आपण रामटेकला जात असू, ते तू विसरला नसशील. चढणारा मी आणि खाली उभा राहणारा तू. दोन पुरुष उंचीच्या धोंड्यावर दोराविना चढताना सारी भिस्त त्या खालच्या माणसावर असते. पडणाऱ्याचे डोके दगडावर आपटू न देता त्यास मोकळ्या बाजूस वळवणे, एवढेच त्याचे काम. पण तुझ्याइतके चोख ते करणारा मला पुन्हा भेटला नाही. सुटीत तुझ्याकडे आलेली इंदू एकदा आपल्याबरोबर आली होती. मला वर पाहून ती तुला म्हणाली, "दादा, ते पाल कोन हाये रे, धोंड्याले चिकटलेली?" लग्नानंतर अकरा वर्षे ती मला रागाच्या भरात पालच म्हणत असे, आणि राग ओसरल्यावरही.

आता तयारीविषयी. धोंड्याखाली पसरण्यास गाद्या मिळणे शक्य नव्हते, म्हणून रुईची पोती करावयाचे ठरवले. अकोटच्या सरकी काढणाऱ्या जिनात काम करणाऱ्या नत्थुजींनी टाकाऊ रुई पाठवली, विद्यार्थ्यांनी पोती भरली आणि गेल्या रविवारी आम्ही वडाळीच्या तळ्यापलीकडच्या खडकांपाशी गेलो. पहिला धडा पडण्याचा. श्रावण नावाच्या विद्यार्थ्याने कमरेइतक्या उंचीवरून पोत्यावर अंग टाकले आणि तो ओरडतच उठला, "सर, वरच्या धोंड्यापरीस ह्ये पोतंच टणक हाये जी!" मी हात लावून पाहिला. पोते दगडासारखे घट्ट होते. चौकशी करता कळले की साऱ्यांनी पोत्यात उतरून रुई पायांनी खुंदून भरली होती. गाडीत कापूस भरताना घरोघर हेच करतात. येथे रुई सैल भरावयाची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दुसरा एकजण म्हणाला, "आमच्या बाबानं पाह्यलं असतं तं शाबास म्हटलं असतं, सर." धर्मपाल, मी हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा, अगदी मोठ्याने.

आणि त्याच क्षणी मनात आले की संध्याकाळी हे इंदूला सांगावयाचे. पोती मोकळी करून पुन्हा सैल भरून घेतली, मुलांना घरी धाडले, आणि मी भराभर चालत घरी आलो. ते वाक्य कसे सांगावे, श्रावणचा आवाज कसा काढावा, याची वाटेत जुळवाजुळव करीत होतो. दाराशी आल्यावर कुलूप दिसले. किल्ली माझ्याच खिशात होती. मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. शेजारच्या केशरबाईंनी विचारले, "मास्तर, काहून बाहीर बसले?" मी उठून कुलूप उघडले.

अंत्यविधीच्या दिवशी चार माणसांत तू मला विचारलेस, "धोंडे पाहून झाले काय तुये?" त्याचे उत्तर आज देतो. झाले होते. याच शिबिरासाठी जागा पाहण्यास मी दोन दिवस चिखलदऱ्यास गेलो होतो. निघताना तिला ताप होता. "जा ना तुमी, मले का झालं?" असे ती म्हणाली, आणि मला तेच ऐकावयाचे होते, म्हणून मी ते खरे मानले. परतलो तेव्हा ती मला ओळखत नव्हती. विषमज्वर होता. ते दोन दिवस हाताशी असते तर ती वाचली असती की नाही, हे कोणी डॉक्टर मला निश्चित सांगत नाही. प्राचार्यांनी शिबीर सोडून देण्यास सुचवले तेव्हा मीच हट्टाने नाही म्हटले. लोक त्यास धैर्य म्हणतात.

काल मी एस.टी.च्या कचेरीत जागांची यादी देण्यास गेलो. जाण्याच्या यादीत बारा नावे होती आणि येण्याच्या यादीत अकरा. कारकून म्हणाला, "मास्तर, येतानी एक मानूस कमी कसा? सोडून येता काय त्याले जंगलात?" मी दोन्ही याद्या पाहिल्या. दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात होत्या, आणि परतीच्या यादीत माझे नाव नव्हते. लिहिताना चूक झाली असे मी त्यास सांगितले. ती चूक नव्हती, हे मला तेथेच उभ्या उभ्या कळले. हे मी दुसऱ्या कोणास सांगू शकत नाही. शिबीर रद्द केले तर मुलांचा प्रश्न सुटेल, माझा सुटणार नाही. तेव्हा होकार असो वा नसो, हे पत्र मिळताच अकोल्याहून मिळेल त्या गाडीने निघून ये. रागावलेलाच ये, वाटल्यास माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. फक्त माझ्यापाशी राहा. परतीच्या यादीत बारावे नाव अद्याप घातलेले नाही. ते तुझ्या हाताने घाल.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
देवमन