रोज चमचाभर

आई, मला आखातात नोकरी लागली तेव्हा तुला एकच काळजी होती, माझ्या पोटाची. निघायच्या सकाळी भुईगावच्या घरात तू सरबताची रिकामी बाटली घासूनपुसून आपल्या विहिरीच्या पाण्याने भरलीस, बुचावर चर्चच्या मेणबत्तीचं मेण ओतलंस आणि माझ्या कपड्यांत खुपसलीस. "तिथलं पानी बाधंल तुला. पयला म्हयना रोज पेल्यात आपल्या बावीचं चमचाभर घाल, पोटाला वळख राहील." मी हसलो. "हसतो काय? तुझा बापूस जहाजावर जायचा तवा हेच करायचा," तू म्हणालीस. वडिलांचं नाव निघालं की आपल्या घरात वाद संपायचा.

तिथे मी फार सांभाळून राहिलो. पाणी उकळून प्यायचं, बर्फ नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत, रस्त्यावरचं तर नावच नको. खोलीतले मला 'पेशंट' म्हणून चिडवायचे. आणि नवव्या दिवशी मीच आडवा झालो, सलाईन लावावं लागलं. केरळी डॉक्टर खोदून खोदून विचारत होता, मी फुशारकीने माझं पथ्य सांगत होतो. बोलता बोलता चमचा निघाला. "उकळलेलं पाणी गार झाल्यावर त्यात हे घालता?" मी हो म्हटलं. बाटलीतलं थोडं पाणी त्याने तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी कागद आला. पाण्यात मैल्याचे जंतू होते. आपल्या विहिरीच्या पाण्यात! मला आधी त्या डॉक्टरचाच राग आला. मग एकदम कुंपणापलीकडची नवी इमारत आठवली, आणि आपल्या विहिरीपासून दहा पावलांवर खणलेली तिच्या संडासाची टाकी. तू ते पाणी रोज तांब्याने पीत होतीस.

त्याच संध्याकाळी शेजारच्यांकडे फोन लावला, सांगायचं म्हणूनच. तू धापा टाकत आलीस. "पानी घालतो ना रे? पोट कसं हाय?"

"ठणठणीत," मी म्हणालो. का म्हणालो, मला अजून कळत नाही. तू मागे वळून ओरडलीस, "बगा, आपल्या बावीचं पानी!" सगळी हसली. तो आनंद मला मोडवेना. शेवटच्या थेंबापर्यंत घेईन, असंही वर बोललो. सुट्टीवर आलो की समोर बसून सांगू, असं ठरवलं.

सुट्टीआधी पावसाळा आला आणि तुला कावीळ झाली. मी पोचलो तो तुझ्या मातीलाच. लोकांना पाणी दिलं जात होतं, त्याच विहिरीचं, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पिऊ नका!" तेव्हा कुठे माझ्या तोंडून ते निघालं. उकळून पी, एवढंच म्हणायचं होतं गं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहितो. त्या संध्याकाळी फोन खाली ठेवला, खोलीवर गेलो, तुझी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि साबणाने दोनदा हात धुतले.