ज्वारीची पुरणपोळी

भाद्रपद, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, संध्याकाळ

डॉक्टरांनी गहू बंद केल्यापासून सारिकानं, माझ्या सुनेनं, एकदाही पुरणपोळी मागितली नाही. तेच टोचत होतं. म्हणून आज ज्वारीची उकड काढली, तांदळाची पिठी घातली आणि दुधाची रिकामी पिशवी चिरून तिच्यावर पोळ्या थापल्या. चव बघावी, तर नैवेद्याआधी जिभेला लावता येत नाही. पिठूळ लागली तर?

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्म्यांला ज्वारीची पोळी? कावून गं?"

"आत्याबाई, घरातल्या लक्ष्मीला चालंल तेच त्यांलाबी चालंल." बोलून गेले खरी, पण पोळ्यांवर तूप जरा जास्तच सोडलं.

नैवेद्य दाखवून पडदा ओढला, सगळे बाहेर बसलो. पडदा काढल्यावर पहिलं ताट सारिकाला वाढलं. तिनं तुपात बुडवून घास घेतला आणि पाण्याचा तांब्या ओढला. पिठूळच लागली असणार!

मग म्हणाली, "आई, अजून एक वाढा ना."

सासूबाईंनीही ताट पुढं केलं. "लई मऊ हाय. दात नसले तरी चालतंय."

दोघींनी मिळून टोपलं रिकामं केलं. माझ्या वाट्याला नुसता आमटी-भात आला. लक्ष्मीमाय, दरसाल मला असाच आमटी-भात खाऊ घाल.