फुलाच्या बांगड्या

९ नोव्हेंबर
काय म्हणून माझ्या मोबाईलला हात लावला? विचारायचं तरी! इंद्रजित भावजींनी चार्जिंगला लावलेला उचलला, आणि गेममधली माझी बाहुली, फुला, पडद्यावरच होती. लाल लुगडं, ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. झालं! अंगणभर बोंब — "दादा जाऊन दोन वर्सं न्हाई झाली, आन् वैनी हिरवा चुडा भरून नाचतीय!"

मी कुठं भरला? हे बघा की माझे हात, भुंडे! फुलानं भरलाय. तिचा नवरा मेलाय व्हय?

१० नोव्हेंबर
दिवसभर भात झोडला. पेंढीगणिक भावजींना शिवी. मनात.

विंझरच्या माझ्या मैत्रिणीनं, यास्मिननं, मोबाईलात गेम घालून दिला, तेव्हा फुला मी माझ्यासारखीच केली होती. भुंडी. बघवेना! मग चढवल्या बांगड्या. तिथं कुठल्या कुठल्या बायांच्या बाहुल्या भेटतात, हळदीकुंकवाला बोलावतात — "फुला, ये गं!" इथं पासली गावात मला कोण बोलावतंय? परवा बारशात ओटी भरायची वेळ आली, तर मला चुलीपाशी पिटाळलं. चहा बघ म्हणे!

१२ नोव्हेंबर
भावजींचा हुकूम — "उद्या माझ्यासमोर त्या बांगड्या फोडायच्या. न्हाईतर मोबाईल इसर."

गप्प नाही बसले मी! "आधी फुलाचा नवरा मेलेला दाखवा, मग फोडते!" भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सासूबाई शेजारीच तांदूळ पाखडत होत्या. पाखडतच राहिल्या. त्यांचाही लई राग आला. भावजी पाळण्यात असताना कुंकू पुसलं त्यांचं, जन्म भुंड्या हातांनी काढला — आणि तोंडातून शब्द फुटू नये?

१३ नोव्हेंबर
नाही फोडल्या!!

पडवीत मोबाईल घेऊन बसले होते. भावजी पुढ्यात उभे — "फोड!" सासूबाई आल्या. वाकून फुलाकडं बघत राहिल्या. मग उसळल्या, त्या भावजींवरच! "फोड काय म्हनतूस, मुडद्या? सवाष्ण हाय ती. सवाष्णीच्या बांगड्या फोडत न्हाईत, वाढवत्यात! आन् तिनं कशापायी वाढवायच्या?"

भावजी पाय आपटत गेले.

१४ नोव्हेंबर
फुलाच्या घराशेजारी आज दुसरी बाई राहायला आली. नाव कोंडाबाई, सासूबाईंचंच. बांगड्या त्यांनी स्वतः निवडल्या, हिरव्यागार. मग कान मोबाईलला लावून म्हणाल्या — "वाजत्यात का गं?"