अर्धवट छाटलेली मधुमालती

मॅडम, माझी एक जुनी विद्यार्थिनी आज घरी आली होती. जळगावात घर बांधलंय, पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापून निघते, तिच्यावर कोणती वेल चढवू, असं विचारत होती. मी बोलायला लागले आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की वाक्यं तुमची आहेत. बोगनवेलीला तहान लागू द्यायची, लाड करून पाणी घातलंस तर नुसती पानं काढेल. जुईला तसं करून चालत नाही, तिला वेळच्या वेळी पाणी हवं. संक्रांतवेलीला फुलं येण्याआधी हात लावायचा नाही, फुलं गळली की मात्र लगेच कापायची. कृष्णकमळावर अळ्या येतातच, घाबरू नकोस. आणि मधुमालती लावणारच असशील तर आधी कात्री घे, मग रोप. ती हसली. तिला वाटलं, मी किती वर्षांच्या अनुभवानं बोलतेय. ती गेल्यावर मी लिहायला बसले.

धुळ्याला देवपुरातल्या तुमच्या अंगणात मी पहिल्यांदा आले ती ऐंशीच्या दशकात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. छाटणी करताना स्टूल सरकून तुमचा उजवा हात मोडला होता. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी देठाचे काप पातळ आणि सरळ घेते म्हणून तुम्ही मला बोलावलंत. "माझा हात महिनाभर तू हो," असं म्हणालात. पावसाळा सरत आला होता आणि मधुमालती छपरावरून विजेच्या तारेपर्यंत पोचली होती. मी स्टुलावर उभी आहे, तुम्ही खाली, गळ्यात हात अडकवून, मान वर करून बोलताय. "बघ, गोकर्ण खोडानं गुंडाळत जाते. कृष्णकमळ तणावे टाकतं. ही बया काय करते? पान गळलं तरी देठ ठेवते, तो वाळून काटा होतो आणि त्याच्या आधारानं ही वर सरकते. हाताला लागेल, जपून." पुस्तकातला तो सबंध धडा मी असा मान खाली घालून ऐकला. घरी गेल्यावर आई माझे ओरखडे बघायची आणि विचारायची, "कॉलेजात शिकतेस की रानात?" मी सांगायचे की दोन्हीकडे. मला तुमच्याकडे यायला फार आवडत होतं. कॉलेजात आमच्यासारख्या घरातल्या मुली थोड्या होत्या, आणि एखाद्या प्राध्यापिकेनं घरी बोलवावं असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

तुमच्या सासूबाई ओट्यावर बसलेल्या असायच्या. माझ्याशी फारसं बोलत नसत, पण तुटलेल्या फांद्या कुठे टाकायच्या ते हातानं दाखवत. एके दिवशी, संध्याकाळ व्हायची होती, दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. तुम्हीच मला म्हणालात, "वर आहेसच, तर जुईच्या कळ्या तेवढ्या तोडून दे, आईंना माळेला लागतील." मी परडी भरून खाली उतरले आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना आनंद झाला. कळ्यांवरून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, "कोननी पोर शे व तू? आडनाव काय शे तुनं?" मी आडनाव सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग विचारलं, घर कुठे. तेही सांगितलं. त्यांनी परडी उचलली, ओट्याच्या कडेशी गेल्या आणि जुईच्याच आळ्यात उपडी केली. "ह्या कळ्या देवले नही चालत," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. शिळं अन्न बाजूला काढावं तितक्या सहज त्यांनी ते केलं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दारात उभ्या होतात, सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं. आपली नजरानजर झाली. मी वाट पाहिली. बाहेर रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत मी वाट पाहिली. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "मधुमालती उद्या केली तरी चालेल." मी कात्री स्टुलावर ठेवली. अर्धी वेल छाटलेली, अर्धी तशीच तारेला लटकलेली, आणि मी फाटकाबाहेर पडले. पांझरा नदीच्या पुलावर आल्यावर मला कळलं की माझे दात आवळलेले आहेत.

त्यानंतर मी तुमच्या तासाला बसले नाही. प्रॅक्टिकलला गेले नाही. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही हे मला ठाऊक होतं. घरी त्यावरून रोज ताण. आई म्हणायची, "शिक्षणावर रुसू नको, ते आपल्याला परवडत नाही." वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, कमी बोलत. ते एवढंच म्हणाले, "जिथं मान नाही तिथं तिला पाठवू नको." मग दोघं एकमेकांशीच बोलेनासे झाले. मी मधल्या खोलीत पुस्तक उघडून बसे आणि एक ओळ पुढे सरकत नसे.

आणि एका रविवारी सकाळी तुम्ही आमच्या दारात. पुलावरून चालत आला होतात, हात अजून प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावर घाम. वडिलांनी खुर्ची दिली. आईनं चहा केला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तुम्ही. आई पदराचं टोक पिळत तुमच्या कपाकडे बघत होती. तुम्ही चहा घेतलात आणि मला रागावलात. होय, रागावलात! "तास बुडवून कुणाचं नुकसान करतेस? आणि वेल अर्धी सोडून गेलीस. कापायला घेतलं की पुरं करायचं, हे मी शिकवलं नव्हतं?"

मी म्हटलं, "मॅडम, इथे चहा पिणं सोपं आहे. इथे तुमच्या सासूबाई नाहीत. तुम्ही तिथे बोलायला हवं होतं."

आई "अगं" म्हणून पुढे झाली. वडिलांनी तिला हातानं थांबवलं. तुम्ही कप खाली ठेवलात. मग तुम्ही म्हणालात, "हो. हवं होतं. मला भीती वाटली." आणि उठताना, "उद्या ये. तुझ्यासमोर बोलते. नाही बोलले तर पुन्हा येऊ नकोस."

मी आले. का आले ते मला सांगता येत नाही. वडील फाटकापर्यंत सायकलवरून सोडायला आले होते आणि आत न येता रस्त्याच्या पलीकडे थांबून राहिले. तुमचे यजमान ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते, सासूबाई वाती वळत होत्या. तुम्ही मला शेजारी उभं केलंत. तुमचा चांगला हात माझ्या दंडावर होता. "आई, ही माझी विद्यार्थिनी. त्या दिवशी कळ्या तोडायला मीच सांगितलं होतं. तुम्ही फेकल्यात आणि मी गप्प बसले. आता नाही बसणार. या वेली मी लावल्यात. हिच्या हातची फुलं चालत नसतील तर या अंगणातलं एकही फूल देवाला जाणार नाही."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग मी आठे, या घरमा, नही राहाव."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आईपेक्षा विद्यार्थिनी जवळची झाली का तुला?"

"जवळचं-लांबचं नाही हो हे," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, अगदी वर्गातल्या आवाजात, "जा, वेल पुरी कर."

मला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी स्टुलावर चढले. आत कपाटाची दारं आपटत होती, ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता, आणि मी फांदी धरून कापत होते, फांदी धरून कापत होते. सासूबाईंचं दोंडाईच्याला धाकट्या मुलाकडे जायचं ठरलं. रिक्षा आली. सासूबाई माझ्या स्टुलाजवळून गेल्या, थांबल्या. मला वाटलं, शिवी देतील. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "वर तार शे. हात सांभाळजो." आणि रिक्षात बसल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. तुमच्या घरात त्यानंतर बराच काळ बोलणं नव्हतं, हे मला दिसत होतं. तुमचे यजमान मला पाहिलं की आत जायचे. तुम्ही त्याबद्दल कधीही चकार शब्द काढला नाहीत. माझी हजेरी मात्र भरून निघेल इतके जादा तास घेतलेत, आणि मी त्या वर्षी वर्गात पहिली आले.

तुम्ही गेल्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी शिकवायला लागल्यापासून तुमच्याबद्दल मुलींना सांगते. प्लास्टरमधला हात घेऊन पूल ओलांडून आलेल्या बाईंची गोष्ट त्यांना फार आवडते. पण मी ती पुलापासूनच सुरू करते. दारातल्या तुम्ही, खाली वळलेली तुमची नजर, ते मी कुणाला सांगत नाही. कशासाठी झाकते, तुमच्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाही नीट माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्ही असतात तरी टाकलं नसतं, समोर येऊन बसले असते आणि वेलींबद्दलच बोलले असते. माझं एम.एस्सी. झालं तेव्हा निरोप देताना तुम्ही विचारलं होतंत, "ते मनातून गेलं ना तुझ्या?" मी चटकन हो म्हणाले. गेलं नव्हतं मॅडम. अजूनही गेलेलं नाही. तरी मी तुमच्याकडे येत राहिले, कारण तुमच्याइतकं मला बाहेरचं कुणीच आवडत नव्हतं.