फिलीनाचा धोटा

३ एप्रिल १८४७

पोचले एकदाची. आमच्या न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातून इथवर येताना घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण नदीकाठची विटांनी बांधलेली कापडगिरणी दिसली आणि सगळा शीण गेला. आमची खाणावळ गिरणीच्या अगदी समोर आहे. न्याहारीलाच मांस, बटाटे आणि वर काकवी घातलेला पाव. धाकट्या डॉर्कसला कळलं तर घरून चालत निघेल. शेतातले दगड वेचून तिच्या हातांची काय दशा झालीय! ती मोठी झाली की तिला इथे आणीन, असं आईला सांगून आलेय.

६ एप्रिल

मला विणायला दोन माग मिळाले. शेजारी केझाया आहे, जीभ कात्रीसारखी. खडखडाटात ऐकू काहीच येत नाही, म्हणून इथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचतात. मला अजून जेमतेम जमतं.

केझायाने धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं लाकूड, भरायला शिकवलं. आत सुताची नवी कांडी घालायची, कडेच्या भोकाला ओठ लावायचे, श्वास ओढायचा, की सूत बाहेर. मुली त्याला धोट्याचा मुका म्हणतात. केझाया म्हणाली, बाई गं, इथे एवढे मुके घेशील की पुढे नवरा नकोसा होईल. मी हसले आणि कापूस गिळला.

माझा धोटा आधी फिलीनाचा होता. ती थंडीत खोकून खोकून गेली. तिच्या ओठांनी लाकडाला गुळगुळीत खळगा पडलाय. माझे ओठ त्यात नेमके बसतात.

१९ एप्रिल

मुकादम टिल्सन खूश आहेत. म्हणाले, पोरी, जुन्या बायकांना खाली मान घालायला लावलीस तू. खरं तर केझाया सारखी कांड्या बदलत असते, माझी आपली संपतच नाही. मी फुशारून त्यांना बहिणीबद्दल विचारलं आणि घरी पत्र टाकलं, की डॉर्कसला आत्ताच पाठवा, वयाचं मी बघते.

धोटा व्हिनेगरने पुसला. तरी ओठ लावले की कुणाच्या तरी तोंडाची ऊब लागते.

२ मे

दुप्पट खाते, तरी घागरा कमरेवर ठरत नाही. आज मी सूत ओढलं तेव्हा पलीकडून कुणीतरी माझा श्वास ओढला.

केझायाला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, फिलीनाचीसुद्धा कांडी संपायची नाही. मग मला हा धोटा का घेऊ दिलास, असं विचारलं. तू आली नसतीस तर तो माझ्या गळ्यात पडला असता, असं ती सरळ म्हणाली. मला रागही धड आला नाही. फार भीती वाटली.

५ मे

कांडी काढून पाहिली. नुसतं लाकूड, एक धागा नाही. आणि माग तर कापड विणत होता.

खोकला आला. जिभेखाली सुताचं टोक. ओढलं — येतच राहिलं, छातीतून — शेवटी कात्रीने कापलं.

८ मे

धोटा कालव्यात फेकला. जेवून आले तर मागावर, कोरडा.

टिल्सनना म्हटलं, काम सोडते. खुशाल सोड, म्हणाले, तुझी बहीण यायचीय ना, तुझे माग तिलाच देऊ. धोट्यासकट.

म्हणजे मी मागावर उभी आहे तोवरच डॉर्कस वाचते. पडायचं नाही. येऊ नकोस म्हणून पत्र टाकलंय — पण ती निघाली असेल तर —

११ मे

सकाळी मागापाशीच कोसळले. खाणावळीत आणून टाकलंय. बोलायला तोंड उघडलं की सूत —

केझाया धावत सांगून गेली. गाडी आली. डॉर्कस इकडे आलीच नाही. आधी कामावर उभी राहते, मग ताईला भेटते, म्हणाली.

खिडकीशी सरपटत आलेय. समोर गिरणीच्या खिडकीत माझे माग. डॉर्कस. टिल्सन दाखवताहेत, ओठ कुठे लावायचे ते.

ओरडले. आवाज नाही, सूतच. मग ओठ हलवले — नको लावूस, नको — तिने पाहिलं. हसली. तिला ओठ कुठे वाचता येतात. वाटलं, ताई मुका पाठवतेय. तिनेही पाठवला.

धोटा उचलला तिने —

छातीत ओढ बसली. डॉर्कस, त्यातली कांडी मी आहे गं, ओढू न —