हळदीतला गोलकीपर

नेरूळ, मे १९९५

तीर्थस्वरूप कृष्णातमामांना मानसिंगचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे).

आपला दमा, मामींची साखर आणि तालमीच्या फुटबॉल टीमचे फॉरवर्ड, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम, असं पुढे लिहायचा रिवाज आहे. मी लिहिणार नाही, कारण नाहीये.

आपलं कार्ड पोचलं. मॅनेजर झालास, आता खुर्चीत बसून मॅचा जिंकत असशील, असं आपण लिहिलंय. खुर्ची! मामा, सोळा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळलो, गुडघा त्यात घालवला, आणि आता न्हावा शेव्याच्या या कंटेनर कंपनीनं मला मॅनेजर केलंय म्हणजे काय केलंय ते ऐका. बर्फ आणायचा मी, लिंबं कापायची मी, जर्सी लाँड्रीत टाकायच्या मी, आणि गोलची जाळी फाटली की कोळ्याच्या हातापाया पडून शिवून आणायची तीही मीच. खुर्ची एकच आहे, तिच्यावर बर्फ असतो. आणि एवढं करून साहेबांचं फर्मान काय, तर बंदरातल्या टीमांचा यंदाचा कप माझ्या टेबलावर दिसला पाहिजे, नाहीतर टीम बंद. मग पोरांनी यार्डात कंटेनर मोजायचे आणि मी त्यांना सीलं लावायची. माझी पोरं इथल्या शिरवणे गावची आहेत, शेतं टाउनशिपला गेलेली. आठवडाभर हमालासारखी राबतात आणि रविवारी बॉल दिसला की माणसात येतात. त्यांचा फुटबॉल बंद करायचा? आणि माझं काय? मला दुसरं येतं काय, मामा?

तर फायनल. तारीख ठरवायचा मान आम्हाला मिळाला. मी काय काय बघितलं सांगू? ट्रक मोकळा आहे का, भरतीचं पाणी मैदानात येतं का, मैदानावर कुणी मांडव घातलाय का. सगळं बघून मे महिन्यातला रविवार दिला. एकच बघितलं नाही, पंचांग. अहो, बघायचं कशाला? आपल्याकडं फायनलची तारीख बघून लग्नं धरतात! आपल्या पंढरी सोनारानं स्वतःच्या पोरीचं लग्न सेमीफायनलसाठी पुढं ढकललं नव्हतं का? मला वाटलं जगाची रीत तीच. इथली रीत उलटी निघाली. माझा गोलकीपर नामा, त्याचं लग्न त्याच रविवारी, संध्याकाळी. आणि टीममधले आठजण त्याचे सख्खे-चुलत. एकानं तोंड उघडलं नाही! का, तर आमंत्रण द्यायला घरची मोठी माणसं येतील, आपण आधी सांगणं बरं दिसत नाही म्हणून.

शनिवारी गावात गेलो तर नामा पाटावर बसलेला, नखशिखांत पिवळा. हळद लागलेला नवरा घराबाहेर पडत नाही म्हणे. मी ओरडलो, हात जोडले, पुन्हा ओरडलो. शेवटी वेणूबाई धवलारणीपुढं उभा केला मला. (इकडं लग्नातली गाणी हीच म्हणते आणि विधीही हीच सांगते. हिच्यापुढं भटजीची टाप नाही.) तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "नवरा हाय तो आता, गोलकीपर नाय." तरी तासाभरानं बाई विरघळली. जाऊ देते म्हणाली, पण लिंबू खोचलेली सुरी हातात पाहिजे, करवली बरोबर पाहिजे, आणि हळदीच्या अंगाला माती लागता कामा नये. मी हो म्हणालो. गोलकीपरच्या अंगाला माती लागणार नाही, असं मी, मानसिंगनं, कबूल केलं! माझ्या तोंडात मारा मामा.

रविवारी रेफ्रीनं सुरी बघून शिट्टीच गिळली. शेवटी सुरी घेऊन करवली, म्हणजे नाम्याची बहीण गोजरा, जाळीमागं उभी राहिली आणि लिंबू नाम्याच्या मोज्यात गेलं. समोर कस्टम एजंटांची टीम, त्यांचा फॉरवर्ड इंद्रजित साताऱ्याचा, पायात तोफ. तीनदा पोरगा गोलसमोर एकटा आला, तीनदा त्याला मुंडावळ्या दिसल्या, आणि तीनदा त्यानं बॉल बाहेर घातला. हळदीच्या नवऱ्याच्या छातीवर हाणायचं पाप कोण घेणार? नाम्याची आई प्रेक्षकांत बसली होती हो! आमची पोरं तर त्याहून शहाणी. तिसऱ्या खेपेनंतर नामा पडू नये म्हणून आठही भाऊ त्याच्याभोवती कडं करून उभे. मी घसा फाटेपर्यंत ओरडतोय, पुढं जा, पुढं जा, आणि हे गाढव नवरदेव सावरतायत. गोल करणार कोण, करवली?

शून्य-शून्य. टायब्रेकर. बॉल ठेवला, रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली, आणि मैदानाच्या कोपऱ्यातून बँडबाजा आत आला. मुहूर्त झाला! नामा गेला, आठ भाऊ गेले, उरलेले दोघे त्यांच्यामागं गेले, गोजरा सुरीसकट गेली. रिकाम्या गोलसमोर मी एकटा, हातात लिंबाची पिशवी. रेफ्रीनं कप एजंटांना दिला. मी तडक लग्नाला गेलो आणि रागारागात तीनदा भात घेतला.

कळस पुढंच आहे. ते एजंटही बँडामागून नाचत लग्नात शिरले. रिकाम्या हातानं कसं जेवायचं, म्हणून पठ्ठ्यांनी कपच नाम्याला आहेर केला! लाऊडस्पीकरवर पुकारलंसुद्धा. नवरी ईश्वरीनं तो देवापुढं ठेवलाय, तांदूळ भरून. दुसऱ्या दिवशी मी नुसता विषय काढला, तर आहेर परत मागणारा माणूस बघायला सगळी आळी जमली.

तेव्हा मामा, झालं ते पुरे. आजपासून फुटबॉल बंद. माझ्यासमोर कुणी बॉलचं नाव काढायचं नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
मानसिंग

ता. क. पत्र कशासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. साहेब येत्या सोमवारी दिल्लीहून येतायत. फोनवर विचारत होते, कप आला का. मी म्हणालो, आपल्याच पोराच्या घरी आहे. (यात एक अक्षर खोटं नाही.) म्हणाले, टेबलावर ठेवा. तर तालमीच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, मी एकोणीस वर्षांचा असताना आपल्या तालमीनं जिंकलेला तो दोन कानांचा कप आहे. हुबेहूब असाच आहे. तेवढा चिंचेनं घासून एस.टी. पार्सलनं पाठवावा. पोरांना यातलं काही कळता कामा नये.

आणखी एक. पाठवण्याआधी पंढरीकडून त्यावरचं साल खरवडून घ्यावं. खाली कॅप्टनचं नाव कोरलंय, 'मानसिंग'. साहेबांना मराठी वाचता येतं, तेव्हा तेही काढावंच लागेल. ते नाव त्याला सगळ्यात शेवटी काढायला सांगा, आणि तेव्हा मामा, आपण तिथं थांबू नका. भुकटी उडते, आपल्याला दमा आहे.