केबलच्या पलीकडील संगणकाची चौकशी होणेबाबत

प्रति,
मा. वस्ती कार्यकारी अधिकारी,
म्वारोबाइनी वस्ती कार्यालय,
दार एस सलाम.

विषय : शेजारी माब्रुकी पाझी यांच्या संगणकाची चौकशी होईपर्यंत त्यांना ओळखीचा दाखला न देणेबाबत.

संदर्भ : सदर दाखल्यासाठी जामीनदार शेजारी म्हणून माझी सही मागणारा आपल्या कार्यालयाचा नमुना, दि. २ ऑक्टोबर.

महोदय,

१) मी, खाली सही करणार हातिबू चाउरेंबो, लग्नसमारंभात वाजणारी सिंगेलीची गाणी तयार करतो. सिंगेली किती वेगाने पळते हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या कन्येच्या लग्नात माझीच गाणी वाजली होती. माझा जुना संगणक हा वेग एकट्याने पेलत नाही, अडखळतो. म्हणून सात वर्षांपूर्वी खिडकीतून केबल टाकून तो अंगणापलीकडच्या माब्रुकीच्या संगणकाशी जोडला. गायकाचा आवाज आणि गाण्याची मांडणी माझ्याकडे. ढोल, पिपाण्या, टाळ्या हा जड बोजा त्याच्याकडे. माझ्याकडून काय कधी वाजवायचे एवढाच निरोप जातो. वाजवतो त्याचा संगणक, आणि आवाज केबलवरून परत येतो.

२) माब्रुकी मस्कतला मामाच्या दुकानात कामाला जाणार, हे मला त्याच्या तोंडून कळले नाही. आपल्या शिपायाने आणलेल्या नमुन्यातून कळले. सात वर्षांच्या सोबत्याला हे सरकारी कागदावरून कळावे, याचा मला अतिशय राग आलेला आहे. तो नोंदवून घ्यावा.

३) तेव्हापासून मी पाळत ठेवून आहे. शुक्रवारी नमाजाला जाताना मी काहीही पाठवलेले नव्हते. परतल्यावर पाहतो तो त्याच्या संगणकावर शेकडा ऐंशी बोजा, असे माझ्या पडद्यावर दिसत होते. मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या आई, बी टाटू, अंगणात तांदळाचे वितुंबुआ तळत होत्या. त्या मला म्हणाल्या, "अरे हातिबू, त्या खोलीत नुसती भट्टी पेटलीय. चार हाका मारल्या तरी पोरगा जेवायला उठत नाही. तूच बघ बाबा आता." एवढे कसले काम, असे विचारताच त्या कढईकडे पाहू लागल्या. महोदय, आईसुद्धा सामील आहे. माझी चाळीस गाणी खिशात घालून हा इसम मस्कतच्या लग्नांत वाजवणार, हे उघड आहे.

४) खात्रीसाठी मी सापळा लावला. तिसऱ्या गाण्यात ढोलाचा एक ठोका मुद्दाम चुकवून पाठवला. पुढेमागे तो कुठे ऐकू आला की चोर सापडला, असा विचार. परवा ते गाणे परत आले ते ठोका जागेवर बसवून. चोराने खूणच पुसली, याहून मोठा पुरावा कोणता हवा? शिवाय माझ्या संगणकातील जागा दिवसेंदिवस भरत चालली आहे. चोर घरातला माल नेतो असे ऐकून होतो. हा आणून टाकतो आहे, त्याअर्थी डाव फार खोल असावा. तरी त्याचा संगणक जप्त करावा. मात्र जप्ती रविवारी करावी, कारण शनिवारी माझ्याकडे लग्न आहे.

५) वरील मजकूर काल लिहिला. कागद वाया जाऊ नये म्हणून पुढचे येथेच लिहितो. आज पुरावा म्हणून दाखवण्यासाठी तो आणून टाकलेला माल उघडला. त्यात चाळीसही गाण्यांचे ढोल, पिपाण्या, टाळ्या वाजवून, तयार आवाज करून ठेवलेले निघाले. आमच्या धंद्यात याला गोठवणे म्हणतात. एकदा गोठवले की ते नव्याने वाजवण्याचा भार कोणावर राहत नाही. मी केबल उपसून पाहिली. माझा म्हातारा संगणक एकट्याने, कुठेही न अडखळता, चाळीस गाणी वाजवून मोकळा झाला. सोबत चिठ्ठी होती : "केबल काढलीस तरी वाजेल. तिसऱ्यात ढोल चुकवला होतास, गाढवा, नीट केलाय. तोंडानं सांगायला चारदा अंगण ओलांडलं, जमलं नाही." एकेचाळिसावे गाणे कोणाच्या जोरावर करायचे, याबद्दल चिठ्ठीत काही नाही.

६) सबब विषयात नमूद केलेली विनंती मागे घेत आहे. बी टाटूंबद्दलचे वाक्यही वाचू नये. केबल मी पुन्हा जोडली आहे. तिची आता गरज नाही, हे मला समजते. नमुन्यावर जामीनदार म्हणून सही केली आहे. 'सदर इसमास किती वर्षे ओळखता' येथे सात, आणि 'वर्तणूक' येथे चांगली असे लिहिले आहे. तारखेची जागा तेवढी माझ्याच्याने भरवली नाही. ती कार्यालयाने भरावी.

आपला नम्र व माब्रुकीचा शेजारी,
हातिबू चाउरेंबो

दि. ८ ऑक्टोबर, परिच्छेद ५ व ६, दि. ९ ऑक्टोबर

सोबत : जामीनदाराचा नमुना, सहीसह, एक प्रत.